न उतरण्याचं शिक्षण

खान्देशातल्या जिल्हा आवृत्त्यांमध्ये अधूनमधून एक छोटी बातमी येते. शिकाऊ विमान उतरताना धावपट्टीवरून घसरलं, पुढचं चाक मोडलं, पंखा वाकला, वैमानिक सुखरूप. सोबत गवतात नाक खुपसून उभ्या असलेल्या पांढऱ्या विमानाचा फोटो, आणि एक ठरलेलं वाक्य: शिकाऊ वैमानिकाचा ताबा सुटला. वाचणारा मनाशी निकाल देतो की पोराला जमलं नाही, आणि पान उलटतो.

ताबा सुटला हे खरंच असतं. पण तो सुटायच्या आधीच्या दहा-पंधरा सेकंदांत त्या मुलासमोर आणखी एक वाट मोकळी होती: न उतरता, इंजिनाला पूर्ण जोर देऊन पुन्हा वर जायची. विमानाच्या भाषेत गो-अराउंड. ती वाट त्याने का धरली नाही, हे बातमी विचारत नाही, आपणही विचारत नाही. माझं म्हणणं असं आहे की ही वाट त्या मुलासाठी आपणच महाग करून ठेवली आहे. आपण म्हणजे प्रशिक्षण संस्था, नियम करणारे, फी भरणारे पालक आणि बातमी वाचणारे सगळे. म्हणून उतरतानाच्या प्रत्येक अपघाताचा हिशेब एकट्या विद्यार्थ्याच्या नावावर मांडणं थांबवायला हवं.

हा प्रश्न खान्देशाने मनावर घेण्याचं कारण आहे. शिरपूरला प्रशिक्षणाची धावपट्टी आहे. धुळ्याला गोंदूरच्या धावपट्टीवर वर्षानुवर्षं शिकाऊ विमानं उडत आली. 2021 मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने नव्या प्रशिक्षण संस्थांसाठी देशातले पाच विमानतळ निवडले, त्यात बेळगावी, कलबुर्गी, खजुराहो आणि लिलाबारीबरोबर जळगाव होतं. मोठ्या विमानांची वर्दळ कमी, पावसाळा सोडला तर आभाळ बहुधा स्वच्छ, भोवती मोकळी शेतं. आपल्या डोक्यावर रोज कुणाची तरी मुलं विमान उतरवायला शिकत असतात.

त्यांना नेमकं काय शिकावं लागतं, हे आधी बघू. सेसना 152 किंवा 172 सारखं विमान साधारण 60 ते 65 नॉट वेगाने, म्हणजे ताशी 110 ते 120 किलोमीटरने, धावपट्टीवर येतं. जमीन काही मीटरवर आली की नाक हळूहळू वर उचलायचं असतं. याला फ्लेअर म्हणतात. वेग मरत गेला पाहिजे, आणि तो पुरता मरेल त्या क्षणी मागची दोन चाकं जमिनीला जेमतेम शिवत असली पाहिजेत. नाक लवकर उचललं तर विमान उंचावर असतानाच पंखांचा आधार संपतो आणि ते धपकन खाली बसतं. उशिरा उचललं तर सगळा भार पुढच्या चाकावर येतो, आणि ते चाक असा भार घेण्यासाठी बनवलेलंच नसतं. वेग दहा टक्के जास्त असेल तर विमानातली ऊर्जा एकवीस टक्के जास्त असते. ती कुठेतरी खर्च व्हावी लागते, म्हणून विमान धावपट्टीवर तरंगत राहतं. त्यातच जमिनीच्या अगदी जवळ आल्यावर पंखांना हवेचा विरोध कमी होतो आणि तरंगणं आणखी लांबतं. विद्यार्थ्याला समोर धावपट्टी संपत आलेली दिसते. तो घाईने नाक खाली ढकलतो.

इथून बिघडायला सुरुवात होते. चाक आपटतं, विमान उसळतं. उसळलेलं बघून मुलगा नाक आणखी दाबतो, तर पुढचं चाक आधी टेकतं आणि पुढची उसळी पहिलीपेक्षा उंच जाते. आता त्याचे हात विमानाच्या एक पाऊल मागे असतात: विमान वर जातंय तेव्हा तो ओढतो, खाली येतंय तेव्हा ढकलतो. तिसऱ्या-चौथ्या आपटण्यात पुढच्या चाकाचा दांडा मोडतो आणि फिरता पंखा धावपट्टीला लागतो. पहिली उसळी ते मोडलेलं चाक, सगळं मिळून काही सेकंद. आडवा वारा असेल तर यात बाजूला सरकणंही आलं. कंपनीने चाचणीत दाखवून दिलेली आडव्या वाऱ्याची मर्यादा सेसना 172 साठी 15 नॉट आणि 152 साठी 12 नॉट आहे, पण ती चाचणी कसलेल्या पायलटने केलेली असते. एकट्याने उडायला नुकतंच लागलेल्या मुलाची मर्यादा त्याहून बरीच खाली ठेवावी लागते.

अमेरिकेतल्या छोट्या विमानांच्या अपघातांचे जे वार्षिक अहवाल निघतात, त्यांत वर्षानुवर्षं एकच चित्र दिसतं: पायलटच्या हातून होणाऱ्या अपघातांत उतरतानाचे संख्येने सगळ्यात जास्त, आणि त्यांत जीव जाण्याचं प्रमाण कमी. हे ऐकून बरं वाटतं, आणि त्यामुळेच दुर्लक्ष होतं. माणूस वाचला, विमा आहे, विमान दुरुस्त होईल. पण जी सवय आज पुढचं चाक मोडून सुटली, तीच सवय त्या मुलाबरोबर पुढे जाते. उद्या त्याच्या मागे दीडशे-दोनशे प्रवासी बसणार असतात.

या सगळ्यावर उड्डाणाच्या विद्येत उपाय आहे, आणि तो साधा आहे. पहिल्या उसळीलाच, किंवा त्याच्याही आधी वेग-उंची जुळत नाही असं दिसताक्षणी, थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा, पूर्ण पुढे, नाक सावरून धरायचं, पायाने दिशा राखायची, फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, टप्प्याटप्प्याने वर घ्यायचे आणि पुन्हा सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेरीत, जायचं. अभ्यासक्रमात हा धडा आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला तो तोंडपाठ असतो. तरीही ऐन वेळी हात थ्रॉटलकडे जात नाही, कारण जमीन समोर दिसत असताना जमिनीपासून दूर जायचं हे शरीराला पटत नाही. शरीराला पटायला सराव लागतो, आणि सरावाच्या आड पैसा, वेळ आणि लाज उभी राहते.

त्याआधी खान्देशच्या हवेबद्दल लिहिलं पाहिजे, कारण इथे शिकणं आणि समुद्राकाठी शिकणं यात फरक आहे. जळगाव समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास. पण मे महिन्यात पारा 44 अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की इंजिन आणि पंख साधारण साडेचार हजार फुटांवर असल्यासारखे वागतात. ही जवळपास महाबळेश्वरची उंची झाली. म्हणजे जळगावच्या उन्हात उतरणारं विमान, हवेच्या दृष्टीने, महाबळेश्वरच्या पठारावर उतरत असतं. वेग दाखवणारा काटा नेहमीचाच आकडा दाखवतो, पण जमिनीवरून विमान सुमारे सात टक्के जास्त वेगाने धावत असतं. थांबायला जास्त धावपट्टी लागते. आणि मुख्य म्हणजे गो-अराउंडसाठी थ्रॉटल पुढे ढकलला तर इंजिन नेहमीइतका जोर देत नाही, विमान रेंगाळत वर चढतं. याचा अर्थ, न उतरण्याचा निर्णय इथे इतर ठिकाणांपेक्षा लवकर घ्यावा लागतो. जो निर्णय पुण्या-नाशकाच्या थंड सकाळी पाच सेकंद उशिराही चालून जाईल, तो जळगावच्या दुपारी चालणार नाही.

दुसरी गोष्ट आपल्या शेतांची. नांगरून उन्हात तापत ठेवलेल्या काळ्या मातीवरची हवा वर उसळते. रावेर-यावल-चोपड्याकडच्या, ठिबकवर भिजलेल्या केळीच्या बागांवर ती तुलनेने थंड राहते. उतरायला येणारं छोटं विमान नांगरटीवरून जाताना वर ढकललं जातं आणि बागेवर आलं की दबतं. हजार किलोच्या आतबाहेरचं विमान, कोवळा हात, आणि शेवटच्या दोनशे फुटांत असे दोन-तीन धक्के. विद्यार्थी वर ढकलला गेला म्हणून इंजिन कमी करतो, आणि नेमकी पुढे बाग येते. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्यांची रांग उभी आहे ती या भागाला वारा भरपूर आहे म्हणूनच. हा वारा विंडसॉकवर, म्हणजे धावपट्टीशेजारच्या वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीवर, दिसतो, पण तो दर मिनिटाला दिशा बदलत असेल तर विंडसॉक बघून काढलेला अंदाज धावपट्टीपर्यंत टिकत नाही. त्यामुळेच उन्हाळ्यात पहाटे आणि सकाळी लवकर उडण्याला इथे इतकं महत्त्व आहे. विमान नादुरुस्त होतं, धुकट हवेत तास वाया जातो, मग राहिलेले तास भरून काढण्यासाठी उड्डाणं दहा-अकराच्या पुढे सरकतात. मुलगा तोच, विमान तेच, धावपट्टी तीच. हवा मात्र सकाळी सातची राहिलेली नसते.

आता तासांचा विषय. व्यावसायिक पायलटच्या परवान्यासाठी आपल्याकडे 200 तासांचं उड्डाण लागतं, त्यातले 100 तास विमानाचा प्रमुख म्हणून. खर्च सहज अर्ध्या कोटीच्या आसपास जातो. आपल्या भागातून मुलगा किंवा मुलगी यात उतरते तेव्हा मागे बहुधा शैक्षणिक कर्ज असतं आणि कर्जामागे घर किंवा जमीन. गावाकडून फोन येतो तेव्हा आप्पांचा पहिला प्रश्न असतो, ‘बेटा, तास किती झाले?’ त्यात प्रेम असतं, काळजी असते, हप्त्याची तारीखही असते. मुलं-मुली हे ओझं बोलून दाखवत नाहीत. एखादी मुलगी सोलोला, म्हणजे एकटीने उडायला, तयार नाही म्हणून इन्स्ट्रक्टरने तिला आणखी चार तास सोबत उडवायचं ठरवलं, तर ते चार तास कुणाच्या तरी खिशातून जातात. प्रगतीची परीक्षा पुन्हा द्यावी लागली तर तेही तास वाढतात. अशा स्थितीत ती धावपट्टीच्या तोंडाशी पोचली आहे आणि उतरणं थोडं बिनसलंय. तिच्या मनात ‘जमवून घेऊ’ हा विचार आला तर तिला बेफिकीर म्हणणं अन्याय आहे. आपण उभ्या केलेल्या व्यवस्थेने तिला तेच शिकवलं आहे.

लॉगबुकात तासांचे रकाने भरपूर असतात. किती वेळा शहाणपणाने वर गेलात, याला वेगळा रकाना नाही. जे मोजलं जातं तेच वाढतं, आणि वाढत नसेल तर कधीकधी खोटंही लिहिलं जातं. 2011 मध्ये गोव्याला एका प्रवासी विमानाचं पुढचं चाक आधी टेकलं, त्याची चौकशी झाली आणि त्यातून परवान्यासाठी खोट्या गुणपत्रिका दिल्याचं प्रकरण बाहेर आलं. त्याच वर्षी राजस्थानात न उडलेले तास नोंदवून परवाने मिळवल्याचं उघडकीस आलं. म्हणजे तासांचा आकडा हा कौशल्याचा पुरावा म्हणून किती तकलादू आहे, हे या देशाने एकदा पाहिलेलं आहे.

काही जाणकार यावर म्हणतील की गो-अराउंडही धोक्याचा असतो. त्यांचं बरोबर आहे, आणि या मुद्द्याला बगल देता येणार नाही. अगदी उशिरा, वेग संपत आलेला असताना, घाबरून नाक एकदम वर खेचत केलेला गो-अराउंड प्राणघातक ठरतो. इंजिन अचानक पूर्ण जोरावर गेलं की विमान डावीकडे ओढतं, उजवा पाय वेळेवर दाबला नाही तर ते तिरकं होतं, आणि त्या उंचीवर सावरायला जागा नसते. मोडलेल्या चाकापेक्षा हे कितीतरी वाईट. पण यातून गो-अराउंड कमी करा असा निष्कर्ष निघत नाही. तो इतका घोटून घ्या की उशीर होणारच नाही, हे निघतं. दोनशे फुटांवर, शंभर फुटांवर, पन्नास फुटांवर, उसळीनंतर, आडव्या वाऱ्यात, थंड सकाळी आणि इन्स्ट्रक्टर शेजारी असताना तापलेल्या दुपारीही. हे तास लागणारं शिक्षण आहे, आणि त्याचा भार विद्यार्थ्याच्या खिशावर टाकून चालणार नाही. माझी पहिली मागणी हीच आहे: ठरवलेल्या अभ्यासक्रमापलीकडे सुरक्षिततेसाठी केलेल्या गो-अराउंडच्या मिनिटांचे आणि सोलो पुढे ढकलल्यामुळे वाढलेल्या पहिल्या काही तासांचे वेगळे पैसे घेऊ नयेत, आणि डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, ते फीच्या करारातच लिहायला लावावं. संस्थांना ते परवडत नसेल तर सुरुवातीची एकूण फी तेवढी वाढवावी. भार सगळ्यांवर सारखा पडला तर निदान धावपट्टीच्या तोंडाशी कुणाच्या डोक्यात पैशांची आकडेमोड चालणार नाही.

इन्स्ट्रक्टरबद्दलही दोन शब्द. 2023 मध्ये आपल्या दोन मोठ्या विमान कंपन्यांनी मिळून जवळपास एक हजार नव्या विमानांच्या ऑर्डरी दिल्या. पायलटची मागणी वाढणार हे उघड आहे. ही मागणी प्रशिक्षण संस्थांकडे जास्त विद्यार्थी आणते आणि त्याच वेळी त्यांच्याकडचे अनुभवी हात ओढून नेते. इन्स्ट्रक्टरची खुर्ची हा एअरलाइनकडे जायच्या वाटेवरचा थांबा समजला जातो, तोवर शिकवण्याची कला साठत नाही. विद्यार्थ्याला उसळी सावरू द्यायची की विमान आपल्या हातात घ्यायचं, हा निर्णय इन्स्ट्रक्टरला एका सेकंदात घ्यावा लागतो. लवकर घेतलं तर मुलगा शिकत नाही, उशिरा घेतलं तर चाक मोडतं. इतकी जबाबदारी पेलणाऱ्या माणसाला थांबावंसं वाटेल असा पगार आणि मान देणं ही चैन नव्हे.

अपघातानंतर काय होतं, तेही बघायला हवं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय की तपासाचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष वाटणं हा नाही. आपल्याकडे 2012 पासून अपघातांच्या तपासासाठी स्वतंत्र ब्यूरो आहे. पण 2017 च्या नियमांनी त्याच्यावर बंधनकारक तपासाची जबाबदारी टाकली ती 2250 किलोपेक्षा जड किंवा जेट विमानांची. सेसना 152 भरलेलं असताना साडेसातशे किलोच्या आसपास, 172 अकराशेच्या आसपास. म्हणजे बहुतेक शिकाऊ विमानांचा तपास ब्यूरोला गरज वाटली तर होतो. अनेकदा तो होतोही, अहवालही निघतो. पण तो इंग्रजीत, पुष्कळ उशिरा, एका सरकारी संकेतस्थळावर. ज्या गावाच्या शिवारात विमान पडलं तिथे, आणि ज्या घरातलं पोर त्याच धावपट्टीवर शिकतंय तिथे, तो पोचत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये बारामती भागात चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं कोसळली तेव्हा आठवडाभर चर्चा झाली. त्यातून काय धडा निघाला हे आपल्या भागातल्या किती पालकांना सांगता येईल?

आणि अपघात झालाच नाही, थोडक्यात टळला, अशा प्रसंगांचं काय? चाक मोडलं नाही पण तीन उसळ्या बसल्या. उतरताना विमान कडेच्या गवतापर्यंत गेलं आणि परत आलं. शिकण्यासारखं सगळ्यात जास्त अशाच प्रसंगांत असतं, आणि तेच सगळ्यात आधी दडपले जातात, कारण सांगणाऱ्याला शिक्षेची भीती असते. अमेरिकेत 1976 पासून नासा ही व्यवस्था चालवते: पायलट स्वतःची चूक लिहून पाठवतो, नाव गुप्त राहतं, आणि निवडक अनुभव सगळ्यांना वाचायला दिले जातात. नियामकाऐवजी त्रयस्थ संस्थेकडे हे काम असल्याने लोक विश्वासाने लिहितात. आपल्याकडेही स्वेच्छेने माहिती देण्याची तरतूद आहे. पण एकोणीस वर्षांचा विद्यार्थी, ज्याचा परवाना अजून व्हायचाय, तो नियामकाला आपली चूक लिहून कळवेल अशी अपेक्षा करणं त्याच्यावर फार मोठा भार टाकणं आहे. खान्देशातल्या प्रशिक्षणाच्या धावपट्ट्या एकमेकींपासून फार लांब नाहीत. हवा तीच, ऊन तेच, वारा तोच. एखाद्या त्रयस्थ शैक्षणिक संस्थेने, समजा इथल्या विद्यापीठाने, सगळ्यांचे निनावी अनुभव गोळा करून दर महिन्याला एक पान काढलं तरी पुष्कळ होईल. शिरपूरला मंगळवारी काय झालं ते जळगावच्या मुलीला शुक्रवारपर्यंत कळलं पाहिजे.

डीजीसीएने ऑक्टोबर 2025 मध्ये प्रशिक्षण संस्थांची पहिली क्रमवारी लावली. वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. हे प्रामाणिकपणे जाहीर झालं याचं मी स्वागत करते. यापुढे या मोजमापात एक गोष्ट आणखी यावी: संस्थेने किती प्रसंग स्वतःहून कळवले. जास्त कळवणाऱ्या संस्थेला जास्त गुण मिळाले पाहिजेत. नाहीतर शून्य घटना दाखवणारी संस्था सगळ्यात सुरक्षित ठरेल, आणि शून्य दाखवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग कोणता, हे सांगायला नको.

पालकांनीही एक करावं. प्रवेश घेताना आपण वसतिगृह बघतो, विमानं किती ते विचारतो, नोकरीची हमी विचारतो. त्याबरोबर हेही विचारा: उन्हाळ्यात किती वाजता उड्डाणं बंद होतात? सोलोसाठी आडव्या वाऱ्याची मर्यादा किती, आणि ती भिंतीवर लिहिलेली आहे का? वर्षभरात किती घटना झाल्या आणि त्यानंतर काय बदललं? उत्तर द्यायला संस्था अडखळली तर तिथे पैसे भरू नका. आणि रात्रीच्या फोनवर तासांबरोबर एवढंही विचारा, ‘आज न उतरता परत वर गेलीस का कधी?’ ती हो म्हणाली तर शाबासकी द्या.

शेवटी गावांबद्दल. 16 जुलै 2021 ला चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी शिरपूरच्या संस्थेचं विमान कोसळलं. तो उतरतानाचा अपघात नव्हता. इन्स्ट्रक्टरचा मृत्यू झाला, शिकणारी तरुणी गंभीर जखमी झाली. डोंगराळ रान, पावसाळा. मदतीला आधी धावले ते तिथले आदिवासी ग्रामस्थ. झोळी करून त्यांनीच तिला चिखलातून खाली आणलं. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. धुळे, जळगाव आणि नंदुरबारच्या जिल्हाधिकाऱ्यांनी सराव-क्षेत्राखाली येणाऱ्या प्रत्येक ग्रामपंचायतीला संस्थेचा आणि नियंत्रण कक्षाचा फोन क्रमांक द्यावा. पोलीस पाटील, आशाताई आणि गावातल्या चार तरुणांना वर्षातून एक दिवस बोलावून दाखवावं की पडलेल्या विमानाच्या पंख्यासमोर उभं राहू नये, इंधनाचा वास आला तर आसपास विडी-काडी पेटवू नये, बॅटरीचा मास्टर स्विच कुठे असतो, आणि आग नसेल तर जखमीची मान न हलवता त्याला कसं धरायचं. धावपट्टीवरच्या अग्निशमन गाडीला शिवारात पोचायला वेळ लागतो, म्हणून हा एक दिवस दरवर्षी पावसाळ्याच्या आधी ठेवावा.